अॅल्युमिनियमच्या छोट्या होडीची वायरिंग: पत्र्याला करंट लागू न देता

गोव्यात केरीच्या फेरीधक्क्यापासून थोडं वर, तेरेखोल नदीच्या काठाला आमची होडी बांधलेली असते. चौदा फुटी, अॅल्युमिनियमची, मागे 9.9 हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन. आपल्याकडे अजून लाकडाच्या आणि फायबरच्याच होड्या जास्त, त्यामुळे हिच्या पत्र्यावर टकटक करून बघणारे रोज भेटतात. हलकी आहे, दोघांना वाळूवर ओढता येते, दगडाला लागली तर पोचा येतो पण फुटत नाही. विजेच्या बाबतीत मात्र ती फार हळवी आहे. लाकडाच्या होडीत वायरिंग चुकली तर दिवा लागत नाही. अॅल्युमिनियमच्या होडीत वायरिंग चुकली तर दिवा व्यवस्थित लागतो आणि होडीला भोक पडतं.

हे मी अनुभवाने सांगतो. आमच्या पहिल्या होडीची वायरिंग गाड्यांचं काम करणाऱ्या एका इलेक्ट्रिशियनने केली होती. माणूस कामाला चोख, हाताला सफाई. पण गाडीत बॅटरीची निगेटिव्ह बॉडीला जोडतात, दिव्यापर्यंत एकच वायर नेतात आणि परतीचं काम गाडीच्या पत्र्यावर सोडतात. त्याला बॉडी अर्थ म्हणतात. त्याने होडीतही तेच केलं, निम्मी वायर वाचली. पुढच्या मे महिन्यात होडी उलटी केली तेव्हा मागच्या बाजूला, पाण्यात बुडणाऱ्या भागात पांढरी भुकटी दिसली. बोटाने खरवडली तर खाली तांदळाच्या दाण्याएवढे खड्डे. एका खड्ड्यात दाभण घातलं, ते आरपार गेलं.

झालं होतं असं. दिव्यातून पत्र्यात आलेला करंट इंजिनामार्गे बॅटरीकडे परतत होता. इंजिन आणि होडी यांच्या मधला सांधा मिठाने खराब झाला, तेव्हा त्याने दुसरी वाट धरली: पत्र्यातून खाऱ्या पाण्यात, पाण्यातून इंजिनाच्या पायात, तिथून बॅटरीत. पत्र्यातून करंट पाण्यात उतरतो तिथे अॅल्युमिनियम विरघळतं. हिशेब रसायनशास्त्राच्या पुस्तकातला आहे. 1 अॅम्पियर करंट तासाला सुमारे 0.34 ग्रॅम अॅल्युमिनियम खातो. नुसता 0.1 अॅम्पियर दिवसरात्र गळत राहिला तर दिवसाला 0.8 ग्रॅम, म्हणजे 2 मिलिमीटर जाडीच्या पत्र्यात रोज दीड चौरस सेंटिमीटरचं भोक पडेल एवढा धातू.

म्हणून या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी एवढं धरून ठेवा: प्रत्येक उपकरणाला दोन वायरी, जाणारी आणि येणारी, दोन्ही थेट बॅटरीपर्यंत. होडीचा पत्रा ही वायर नव्हे.

आधी कागद

काम सुरू करायला पावसाळ्याआधीचे दिवस किंवा मासेमारी बंदीचा काळ उत्तम. आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवस बंदी असते, तेव्हा होड्या वर काढलेल्याच असतात. पत्र्याच्या छपराखाली, कोरड्यात काम करा. पाऊस अंगावर घेत केलेला सांधा टिकत नाही.

होडीचं चित्र काढा. वरून दिसते तशी, नुसती बाह्यरेषा पुरे. त्यात बॅटरी कुठे, स्विचचं पॅनेल कुठे, पाणी उपसायचा पंप कुठे, पुढचा लाल-हिरवा दिवा, मागचा पांढरा, फिश फाइंडर, मोबाइल चार्जर. प्रत्येकापुढे त्याचे अॅम्पियर लिहा. उपकरणावर वॅट लिहिलेले असतील तर 12 ने भागा.

आमच्या होडीचा हिशेब असा. एलईडीचे सगळे दिवे मिळून अर्धा अॅम्पियर, रात्रीचे आठ तास, म्हणजे 4 अॅम्पियर-तास. फिश फाइंडर 0.7 अॅम्पियर, सहा तास, सुमारे 4. पंप अडीच अॅम्पियर खातो पण सगळं मिळून अर्धा तास चालतो, सव्वा. मोबाइल आणि इतर किरकोळ, 3. बेरीज बारा-साडेबारा. लेड-अॅसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवत राहिलं तर ती लवकर मरते, म्हणून 25 अॅम्पियर-तासांपेक्षा कमी चालणार नाही. आम्ही 35 ची घेतली आहे. इंजिन बटणावर सुरू होणारं असेल तर इंजिन बनवणाऱ्याने सांगितलेली मोठी बॅटरी घ्या. दोरीने ओढून सुरू होणाऱ्या लहान आउटबोर्डला बॅटरी चार्ज करायची सोय असतेच असं नाही, ते विकत घेतानाच विचारा. आमच्याला नाही, म्हणून बॅटरी घरी नेऊन चार्ज करतो.

बॅटरी आणि पहिला फ्यूज

बॅटरी शक्यतो सील केलेली, एजीएम प्रकारची घ्या. साध्या बॅटरीतलं अॅसिड सांडलं तर अॅल्युमिनियमला खातं आणि लाटांवर ते सांडतंच. कुठलीही घेतली तरी प्लास्टिकच्या पेटीत ठेवा, पट्ट्याने घट्ट बांधा, वर झाकण. पेटीला वाऱ्यासाठी फट हवी, कारण चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन सुटू शकतो. पेट्रोलची टाकी आणि बॅटरी शेजारी शेजारी ठेवू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती होडीच्या तळाशी साचून राहते आणि स्विचच्या एका ठिणगीची वाट बघते.

पॉझिटिव्ह टर्मिनलपासून सात इंचांच्या आत मुख्य फ्यूज बसवा. सात इंच कशासाठी? फ्यूजच्या अलीकडची वायर उघडी पडून पत्र्याला लागली तर तिला थांबवणारं कोणी नसतं. म्हणून तो तुकडा जितका आखूड तितका बरा. फ्यूज वायरीला वाचवण्यासाठी असतो, उपकरणाला नव्हे, हे नवख्यांच्या लक्षात येत नाही. दीड एमएमच्या वायरीवर 30 अॅम्पियरचा फ्यूज लावला तर शॉर्ट झाल्यावर फ्यूजच्या आधी वायर वितळेल. आमच्याकडे बॅटरीपासून पॅनेलपर्यंत 6 एमएमची वायर आणि 30 चा फ्यूज आहे.

फ्यूजनंतर मुख्य स्विच. चार्जिंग असलेलं इंजिन चालू असताना हा स्विच कधीही बंद करू नका, इंजिनाचा रेक्टिफायर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा भाग, जळू शकतो. आणि घरच्या बोर्डातला 230 व्होल्टचा एमसीबी इथे वापरायची हौस नको. डीसीची, म्हणजे बॅटरीच्या एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेची, ठिणगी विझायला जड असते, डीसीसाठी बनवलेलीच वस्तू लागते.

बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह सोडायची, लावताना निगेटिव्ह शेवटी. पत्र्याच्या होडीत याला फार अर्थ आहे. निगेटिव्ह इंजिनामार्गे होडीला लागलेलीच असते. ती जोडलेली ठेवून तुम्ही पॉझिटिव्हचा नट फिरवायला गेलात आणि पाना बाजूच्या पत्र्याला टेकला, की थेट शॉर्ट. पान्याला पत्र्याचं वेल्डिंग झालेलं मी पाहिलं आहे.

वायर: कलई केलेली

खाऱ्या हवेत साधी तांब्याची वायर आतून काळी पडते. वरचं प्लास्टिक नवंकोरं दिसतं, टोक सोलून बघावं तर हातभर आतपर्यंत काळंहिरवं. घरी तांब्या-पितळेच्या भांड्यांना ज्या कारणासाठी कलई करत, त्याच कारणासाठी होडीच्या वायरीलाही कलई हवी. तिला टिन्ड कॉपर म्हणतात. सोलली की तार तांबूस नाही, चांदीसारखी दिसते. म्हापशाच्या बाजारात विजेच्या दुकानात तुम्हाला घरच्या वायरिंगची वायर पुढे करतील. ती स्वस्त पडते, पण दोनतीन पावसाळ्यांत सगळी बदलावी लागते. मागवून घ्या पण टिन्डच घ्या. बारीक तारांची, मऊ, वाकवली तर सहज वाकणारी. एकाच जाड तारेची वायर इंजिनाच्या थरथरीने आतल्या आत तुटते.

जाडी किती? 12 व्होल्टमध्ये वायर बारीक पडली तर व्होल्टेज वाटेतच संपतं. पंप आणि दिशादर्शक दिव्यांना 3 टक्क्यांपेक्षा जास्त, म्हणजे 0.36 व्होल्टपेक्षा जास्त घट चालत नाही. गणित सोपं आहे: जाऊन-येऊन लांबी मीटरमध्ये, गुणिले अॅम्पियर, गुणिले 0.0175, भागिले वायरीचा एमएम. आपण ज्याला बोलताना एमएम म्हणतो ते खरं चौरस मिलिमीटर. पंप 4 मीटरवर आहे आणि 3 अॅम्पियर घेतो असं धरा. जाऊन-येऊन 8 मीटर. 1 एमएमच्या वायरीत 0.42 व्होल्ट जातात, नापास. दीडमध्ये 0.28, पास. अडीचमध्ये 0.17. मी पंपाला डोळे झाकून अडीचची घालतो. दिव्यांना एलईडीमुळे 1 एमएम पुरते, तरी दीडच्या खाली जाऊ नका, कारण बारीक वायर ओढाताणीत तुटते.

पॉझिटिव्ह लाल. निगेटिव्ह काळी किंवा पिवळी, पण एकच रंग ठरवा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा. सगळ्या निगेटिव्ह एका बस बारवर, म्हणजे वायरी एकत्र जोडायच्या धातूच्या पट्टीवर, आणा, तिथून एक जाड वायर बॅटरीला. बस बार आणि पॅनेल थेट पत्र्यावर नकोत. जाड प्लास्टिकच्या फळीवर बसवा आणि फळी पत्र्यावर. पत्र्यात जाणारे स्टेनलेसचे स्क्रू असतील तर नायलॉनचे वॉशर घाला. स्टेनलेस आणि अॅल्युमिनियम खाऱ्या ओलाव्यात एकमेकांना लागले की अॅल्युमिनियमच झिजतं.

वायरी नेताना

वायरी तळाशी, पाणी साचतं तिथून नेऊ नका. काठाच्या पट्टीखालून, पीव्हीसी पाइपातून न्या. पत्र्याला जिथे भोक पाडाल तिथे कड कानशीने घासून रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाची कड झाकणारी कडी, बसवा. ग्रोमेटशिवाय गेलेली वायर म्हणजे सुरीवर ठेवलेली दोरी. दर वीतभर अंतरावर क्लिप हवी. वायर लोंबत असेल तर लाटेगणिक घासते.

घरात येणारी सर्व्हिस वायर भिंतीत शिरण्याआधी खाली झोळ देऊन वर वळवलेली असते ना? पाणी झोळाच्या तळाशी येऊन टपकतं, भिंतीत जात नाही. पॅनेलमध्ये आणि प्रत्येक दिव्यात शिरणाऱ्या वायरीला तसाच झोळ द्या. भोक बुजवायला सिलिकॉन वापरणार असाल तर त्याचा वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन तांब्याला गंज आणतं, न्यूट्रल लिहिलेलं आणा.

वायर तोडताना आणि सोलताना खाली जुनी चादर अंथरा. तांब्याच्या तारेचा नखाएवढा तुकडा फळीखाली पडून खाऱ्या पाण्यात राहिला तर तेवढ्यानेही पत्र्याला खड्डा पडतो, बॅटरी नसली तरी पडतो. चुंबकाने तो निघत नाही, तांब्याला चुंबक लागत नाही. काम झालं की व्हॅक्युम फिरवा, मग ओल्या फडक्याने पुसा. गळाला लावायची शिशाची वजनंही याच कारणासाठी तळाशी टाकून ठेवू नका, डब्यात ठेवा.

सांधा

होडीची वायरिंग बिघडते ती वायरीत नाही, सांध्यात. म्हणून इथे घाई नको.

लग म्हणजे वायरीच्या टोकाला बसवायचं धातूचं टर्मिनल. वायरीचं टोक त्याच्या नळीएवढंच सोला. सोलण्याचं हत्यार वापरा, दातांनी किंवा ब्लेडने नको. एक तार जरी कापली गेली तरी टोक छाटून पुन्हा सोला. गोंदवाली हीट श्रिंक नळी आधी वायरीवर चढवून मागे सरकवा, कारण लग लागल्यावर ती चढत नाही. तारा हलक्या हाताने पिळा, लगमध्ये घाला, पलीकडच्या तोंडाशी तारांची टोकं जेमतेम दिसली पाहिजेत. लग चेपायला रॅचेटचं क्रिंपिंग टूल वापरा, जे पुरतं दाबल्याशिवाय सुटतच नाही. साध्या पकडीने चेपलेला लग आज घट्ट वाटतो, चतुर्थीपर्यंत ढिला होतो. मग वायर आणि लग दोन हातांत धरून जोर लावून ओढा. निसटली तर बरंच झालं, घरी निसटली.

आता नळी पुढे सरकवून गरम हवा द्या. नळी आवळते आणि दोन्ही कडांना गोंदाची बारीक पारदर्शक कड बाहेर येते. ती कड पूर्ण गोल दिसली पाहिजे. कुठे तुटक असेल तर तिथून खारं पाणी केशिकेसारखं आत चढतं.

सोल्डरिंग करावं का, असं पुष्कळ जण विचारतात. नुसत्या सोल्डरवर सांधा टाकू नये. सोल्डर तारांमध्ये आत झिरपतं, तेवढा भाग ताठ होतो आणि जिथे तो ताठपणा संपतो तिथे थरथरीने वायर तुटते. चांगल्या क्रिंपला सोल्डरची गरज नाही. इन्सुलेशन टेप गुंडाळलेला सांधा होडीत मला दिसला तर मी तो तोडून नवा करतो, कोणाचाही असो. मीठ, ऊन आणि ओल मिळून टेपचा चिकट लगदा होतो.

पाणी उपसायचा पंप

पंप मुख्य स्विचवर ठेवू नका. आमच्या शेजाऱ्यांचा तसा होता. चतुर्थीत घरी जाताना शिस्तीने मुख्य स्विच बंद करून गेले, दोन रात्री पाऊस कोसळला, तिसऱ्या दिवशी होडीचं नुसतं नाक पाण्यावर होतं. पंपाचा फ्लोट स्विच बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून थेट, स्वतःच्या फ्यूजसह घ्या. पाणी वर आलं की तो आपोआप चालतो, बाकी सगळं बंद असलं तरी. शिवाय पॅनेलवरून हाताने चालवायची दुसरी वायर द्या. इथे मात्र फ्यूज वायरीबरोबर मोटरलाही वाचवतो, म्हणून तो पंपावर लिहिलेल्या अॅम्पियरचाच. प्लास्टिकचा कागद अडकून पंप फिरायचा थांबला तर तो फ्यूज जायलाच हवा, नाहीतर मोटर जळेल. पंपाचे वायरींचे सांधे तळापासून जितके वर नेता येतील तितके न्या.

दिवे

रात्री मांडवीत किंवा शापोऱ्यात होडी घालणार असाल तर दिव्यांबाबत हयगय नको. बार्ज, फेरीबोट, ट्रॉलर यांना तुमची चौदा फुटी होडी अंधारात दिसतच नाही. समुद्रात टक्कर टाळण्याचे 1972 चे आंतरराष्ट्रीय नियम सांगतात ते थोडक्यात असं: 12 मीटरपेक्षा लहान यांत्रिक होडीला डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा आणि चारी बाजूंनी दिसणारा एक पांढरा दिवा पुरतो. पांढरा दिवा लाल-हिरव्यापेक्षा निदान 1 मीटर उंच हवा. लाल-हिरव्या दिव्यांचा उजेड समोरून बाजूला 112.5 अंशांपर्यंतच दिसायचा असतो, म्हणून तयार दिवे आणा, साध्या बल्बला रंगीत कागद लावू नका. जाळं टाकून मासेमारी करत असाल तर वर लाल, खाली पांढरा असे चारी बाजूंनी दिसणारे दोन दिवे लागतात. ट्रॉलिंग जाळं ओढणाऱ्याला वर हिरवा, खाली पांढरा. चालत्या होडीमागे गळ ओढत चणक मारणाऱ्याला हे जादा दिवे लागत नाहीत.

मासे गोळा करायला जनरेटरवर मोठे एलईडी लावायची कल्पना कोणी दिली तर सरळ नाही म्हणा. केंद्र सरकारने 2017 मध्ये तशा मासेमारीवर बंदी घातली आहे.

दिव्याचा दांडा आणि व्हीएचएफ रेडिओच्या अँटेनाचं ब्रॅकेट प्लास्टिकच्या तुकड्यावर बसवा. अँटेनाच्या केबलचं बाहेरचं जाळीदार आवरण बहुधा निगेटिव्हलाच जोडलेलं असतं, तिथून बॉडी अर्थ नकळत परत घुसतो.

पाण्यात घालण्याआधी

मल्टीमीटर घ्या. सातआठशेचा पुरतो. बॅटरी आणि इंजिनाच्या वायरी सोडवा. मीटर कंटिन्यूटीवर (दोन टोकं आतून जोडलेली असली की तो वाजतो), एक टोक पत्र्यावर खरवडून टेकवलेलं, दुसरं पॅनेलवरच्या प्रत्येक पॉझिटिव्ह वायरीला, मग निगेटिव्ह बस बारला. मीटर एकदाही वाजता कामा नये. वाजला तर वायरी एकेक करून सोडवत जा. ज्या वायरीशी आवाज थांबेल तिच्यात चोर आहे. माझ्याकडे एकदा तो मोबाइल चार्जरच्या सॉकेटमध्ये निघाला: धातूची बाहेरची कडी निगेटिव्ह होती आणि नटाने पत्र्याला आवळली होती.

इंजिन पुन्हा जोडलं की निगेटिव्ह आणि होडी यांची इंजिनापाशी एकदा गाठ पडतेच. ती तेवढी एकच असू द्या.

मग बॅटरी जोडून सगळे स्विच बंद ठेवा आणि मीटर अॅम्पियरवर घेऊन बॅटरीची पॉझिटिव्ह आणि तिची वायर यांच्या मधे लावा. मेकॅनिकल फ्लोट असेल तर मीटरने शून्य दाखवलं पाहिजे. शेवटी सगळे दिवे लावून बॅटरीवरचं आणि सर्वांत लांबच्या दिव्यावरचं व्होल्टेज मोजा. बॅटरीवर 12.6 आणि दिव्यावर 12.3 असेल तर छान. तिथे 11.8 दिसले तर कुठला तरी सांधा ढिला आहे. बोट लावून बघा, तो कोमट लागेल.

हे आकडे चित्राच्या मागे तारखेसह लिहा. चित्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून बॅटरीच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवा. व्होल्टेज दर महिन्याला मोजून त्याच कागदावर लिहीत जा. होडीच्या तळाला अॅनोड, म्हणजे पत्र्याऐवजी स्वतः झिजणारा धातूचा तुकडा, लावलेला असेल तर तोही बघा: झिजत असेल तर तो आपलं काम करतोय, पण दोन महिन्यांत निम्मा झाला तर करंट गळतोय असं समजून मल्टीमीटर पुन्हा काढा. तळाला शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून लावतात तो तांबं असलेला अँटिफाउलिंग रंग या होडीला लावू नका, दुकानदार काहीही म्हणो.

निघताना भारतीय तटरक्षक दलाचा 1554 हा मदतीचा नंबर मोबाइलमध्ये आहे ना ते बघा, मोबाइल चार्जरला लावा, हात तळाशी घालून पंपाचा फ्लोट उचला. घर्र असा आवाज आला की दोरी सोडा.